खोली तयार आहे का

फॉर्मवरचा पहिला प्रश्न : खोलीचा पूर्वीचा वापर.
मी लिहिलं, बटाटे.
नुसते बटाटे नव्हेत, दोन्या फोर्तुनाता म्हणाली, चुन्यो लिही.
जूनच्या रात्री उघड्यावर गोठवलेला,
अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढलेला,
उन्हात वाळून खड्यासारखा टणक.
तळाशी एक थर माझ्या बापाच्या हातचा आहे.
फॉर्मवर दीड ओळ होती.

तीन दिवस पोती निघत होती.
विटा मातीच्या, कच्च्या; भिंतीला पाठ टेकली
की पाठीवर भिंत येते.
राउटरला धूळ चालत नाही.
चुन्यो गेला आणि चुना आला,
चुना बोटाला लागतो म्हणून वरून तैलरंग,
रंगाचा वास जावा म्हणून दार उघडं,
आणि उघड्या दारातून पुन्हा धूळ.

चार हजार मीटरला शंभर कमी.
इथे पाणी लवकर उकळतं, घेवडा मात्र शिजता शिजत नाही.
पत्रकात बारीक अक्षरांत दिलंय :
उंचीवर हवा विरळ, पंख्यांना पुरत नाही,
तापमानाची मर्यादा खाली धरावी.
मी वाचून दाखवलं.
म्हणजे त्यालाही दम लागतो, ती म्हणाली,
आणि कोकाची चार पानं खिडकीत ठेवून गेली.
ती मी कुठे नोंदवली नाहीत. काढलीही नाहीत.

समोर एक मीटर मोकळं, मागे तेवढंच.
पुढून गार हवा घेतो, मागून गरम सोडतो.
लामासारखंच की, कासियानो म्हणाला, मागे उभं राहू नये.
हसताना त्याची खडूची रेघ तिरकी गेली.
ओल्या फडक्याने पुसून पुन्हा आखली :
साठ सेंटिमीटर रुंद, ऐंशी खोल.
दोन्याचा नातू त्या चौकोनात जाऊन ताठ उभा राहिला,
हात अंगाला चिकटवून, डोळे मिटून,
आणि बराच वेळ बाहेर येईना.

अर्थिंगचा खड्डा घराच्या मागे.
खाली दगड, दगडाखाली दगड.
तांब्याचा दांडा हातोड्याला दाद देईना.
मीटर म्हणाला एकोणीस ओहम.
पाचच्या आत हवेत.
जमीन घ्यायला तयार नव्हती,
वीज पडली असती तर परत आमच्याच अंगावर टाकली असती.

तेव्हा ती आली, हातात मद्याची बाटली.
विचारल्याशिवाय कुणाच्या पोटात खांब घालतात का?
आधी तिला पाज.
चार थेंब उजवीकडे, चार डावीकडे,
उरलेलं खड्ड्यात, आणि एक घोट स्वतः.
मीटर पुन्हा लावला.
साडेअठरा.
कासियानोने टोपी काढली. मी काढली नाही,
ओल्या मातीत वीज सोपी वाहते हे मला शिकवलेलं आहे.
मग उयुनीचं मीठ दोन पोती, लोणारी कोळसा,
आणि गाढवाच्या पाठीवरून बारा डबे पाणी.
संध्याकाळी चार पूर्णांक सहा.
श्रेय कुणाला, यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

पट्टीवरचा रंग खरवडून धातू उघडा केला,
नट आवळले, फरशीत चार बोल्ट पक्के बसवले.
आता त्यांच्यावर उभं राहणारं कुणी नाही.
ट्रक चायापाताच्या अलीकडे अडकलाय,
रस्त्यावर दगड मांडून लोक बसलेत,
त्यांचंही काहीतरी खरं असणार.

मी कुलूप लावते.
भिंतीत केबलचं भोक आहे, रिकामं,
लोखंडी तारांच्या गुंड्याने बुजवलेलं.
तैलरंगाच्या खालून, नाक जवळ नेलं तर,
अजूनही तो जुना, मातकट वास.
खोली तयार आहे का? हो.
सही, तारीख.

रात्री भिंतीपलीकडे खरवडण्याचा आवाज येतो,
थांबतो, पुन्हा येतो.
उंदीर आपल्या नेहमीच्या वाटेने आलाय.
चुन्यो गेल्याचं
त्याला अजून कुणी कळवलेलं नाही.